पाठीमागचे नाव

गेल्या वर्षी मे महिन्यात माळा आवरताना माझ्या विद्यार्थिदशेतील एक तैलचित्र हाती लागले. कॅनव्हासच्या खालच्या कोपऱ्यात बुरशीचे करडे ठिपके उठले होते, चौकटीचा एक सांधा सुटला होता. चेहरा मात्र शाबूत होता. जव्हारच्या आठवडे बाजारात मीच टिपलेल्या एका छायाचित्रावरून ते 1989 मध्ये रंगवले होते आणि महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात त्याला दुसरे पारितोषिकही मिळाले होते. चित्र उलटे केले तर मागे माझ्याच तेव्हाच्या टापटीप अक्षरात लिहिलेले: 'आदिवासी स्त्री, तैलरंग, 18 बाय 24 इंच'. त्याखाली माझे पूर्ण नाव, वर्ग आणि हजेरी क्रमांक. इतक्या वर्षांत हे चित्र पाहणाऱ्यांना मी ती वारली स्त्री असल्याचे सांगत आले होते. कशावरून, असे मला कोणी विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नाही.

त्याच आठवड्यात एका संस्थेकडून विचारणा झाली. 9 ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनानिमित्त प्रदर्शन भरवायचे होते आणि त्यासाठी 'आदिवासी संस्कृतीचा गौरव करणारे' एक व्यक्तिचित्र हवे होते. दूरध्वनीवरचे गृहस्थ अतिशय सौजन्याने बोलत होते. चेहरा 'टिपिकल' असावा, दागिने भरपूर असावेत आणि शक्य झाल्यास मागे तारपा नृत्य दाखवावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. कोणाचे चित्र काढायचे, हा प्रश्न त्या संभाषणात आलाच नाही.

पोर्ट्रेटला आपण मराठीत व्यक्तिचित्र म्हणतो, म्हणजे त्यात व्यक्ती असणे गृहीत धरलेले आहे. मुंबईचा चित्रकलेचा इतिहास मात्र या बाबतीत सरळ दुभंगलेला दिसतो. ज्या शाळेने आपल्याकडे तैलरंगातील वास्तववादी चित्रण रुजवले ती सर जे. जे. कलाशाळा 1857 मध्ये सुरू झाली आणि तिच्यासाठी जमशेटजी जीजीभॉय यांनी 1 लाख रुपये दिले होते. त्यांची अनेक चित्रे आहेत आणि त्यांतील प्रत्येक त्यांच्याच नावाने ओळखले जाते. एका प्रसिद्ध चित्रात त्यांच्याजवळ एक चिनी सेवक उभा आहे. चित्राच्या शीर्षकात तो 'चिनी सेवक' एवढाच. न्यायालयापासून रुग्णालयापर्यंत शहरातील जुन्या दालनांत टांगलेले न्यायाधीश, शेठ, कुलगुरू आणि देणगीदार पाहावेत: पितळी पट्टीवर नाव, पदव्या, जन्ममृत्यूची साले, सारे काही जागच्या जागी. शहरात राहणाऱ्या बाकीच्या माणसांचेही चित्रण होत होते, पण ते निराळ्या खात्यात जमा होत होते.

त्या खात्याचे नाव 'नमुना'. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने 1863 आणि 1866 मध्ये मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. माणसे एका ठिकाणी उभी करून टिपायची आणि मग त्यांच्यामागे शहरातील एखाद्या निराळ्याच जागेचे दृश्य जोडून द्यायचे, अशी त्याची रीत होती. म्हणजे माणूस खरा, जागा खरी, पण तो माणूस त्या जागी कधी उभा राहिलाच नव्हता. पुढे 1868 ते 1875 या काळात ब्रिटिश सरकारने साऱ्या हिंदुस्थानातील लोकांच्या छायाचित्रांचे आठ खंड काढले, त्यात चारशेहून अधिक छायाचित्रे आहेत आणि बहुतेकांखाली जमातीचे नाव आहे. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, जे 1872 मध्ये लोकांसाठी खुले झाले, काचेच्या कपाटांत निरनिराळ्या समाजांच्या वेशभूषा दाखवणाऱ्या मातीच्या लहान मूर्ती आहेत. शाळेच्या सहलीला गेले असताना मला त्या फार आवडल्या होत्या, आणि खरे सांगायचे तर अजूनही आवडतात; पगडीचा पीळ आणि लुगड्याची चूण इतक्या लहान आकारात साधणे ही काही गंमत नव्हे.

महादेव विश्वनाथ धुरंधरांचे नाव येथे घ्यावेच लागते, कारण मी त्यांच्या रेषेवर वाढले. 1867 ते 1944 हा त्यांचा जीवनकाळ आणि आयुष्यातील चार दशके त्यांनी जे. जे. मध्ये काढली. ऑटो रॉथफील्ड या आयसीएस अधिकाऱ्याच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकासाठी त्यांनी रंगीत चित्रे काढली. कोणती स्त्री पदर कसा घेते, कोणाच्या चालीत घाई आहे आणि कोणाच्या चालीत ठसका आहे, हे त्यांच्याइतके बारकाईने पाहणारा दुसरा चित्रकार त्या काळात मला तरी दिसत नाही. तरीही त्या चित्रांतील भिल्ल मुलगी ही 'एक भिल्ल मुलगी'च राहते. दोष हाताचा नव्हे. पुस्तकाची मागणीच तशी होती आणि चित्रकाराने ती उत्तम रीतीने पुरवली. माझ्याकडे तर तशी कोणाची मागणीही नव्हती. मी आपणहून नमुना काढला आणि त्यावर बक्षीस घेऊन आले.

याच्या उलट टोकाला न्यूझीलंडमधील गॉटफ्रीड लिंडॉअर आहे. हा मूळचा बोहेमियातील पिल्सेनचा, जन्म 1839 चा. 1874 मध्ये तो न्यूझीलंडला पोहोचला आणि पुढची अनेक वर्षे त्याने माओरी स्त्रीपुरुषांची व्यक्तिचित्रे काढली. तोही वसाहतीतलाच गोरा चित्रकार, कित्येकदा छायाचित्रावरून काम करणारा, त्यामुळे त्याला संत ठरवण्याचे कारण नाही. पण त्याने काढलेल्या माणसांची नावे राहिली. चेहऱ्यावरील गोंदणाला माओरी लोक मोको म्हणतात आणि त्याची वळणे ज्याच्या त्याच्या कुळाशी व मानाशी बांधलेली असतात, तेव्हा ती अंदाजाने भरून चालत नाहीत. लिंडॉअरने ती सहीसारखी जपून उतरवली. माओरी कुटुंबांनी स्वतः पैसे देऊन त्याच्याकडून चित्रे करवून घेतली आणि घरातील मृत्यूच्या विधींमध्ये ती पूर्वजांच्या जागी मांडली. ऑकलंडच्या कलादालनात आजही वंशज येतात आणि त्या चित्रांशी पणजोबांशी बोलावे तसे बोलतात. त्याच देशातील चार्ल्स गोल्डी हा तंत्राने बहुधा अधिक तरबेज होता, आणि तोही माणसांची नावे लिहीत असे. पण व्हारेकाउरी ताहुना या वृद्धाच्या चित्राला त्याने शीर्षक दिले 'उदात्त वंशाचा उदात्त अवशेष'. समोर बसलेला जिवंत माणूस श्वास घेतो आहे, कदाचित बसून बसून त्याचे पाय अवघडले आहेत, आणि चित्रकाराने त्याला अवशेष करून टाकले. नुसते नाव लिहून भागत नाही, हे मला या शीर्षकावरून उमगले.

हे सारे डोक्यात घोळत असताना छायाचित्रावरून काम करायचे नाही, एवढे मी ठरवले आणि आरेत गेले. गोरेगावात राहून आरेला 'जाणे' म्हणजे रिक्षाने वीस मिनिटे, पण बहुतेक मुंबईकरांना तिथे पाडे आहेत हे ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी एका रात्रीत झाडांवर करवती चालल्या तेव्हाच कळले. 1949 मध्ये दुग्ध वसाहत उभी राहू लागली त्याच्या पुष्कळ आधीपासूनची वस्ती आहे ही. वारली, कोकणा, मल्हार कोळी, काटकरी अशी कुटुंबे 27 पाड्यांत राहतात. माझ्या शाळेत पूर्वी मदतनीस असलेल्या एका बाईंच्या नणंदेचे घर त्यातल्या एका पाड्यावर आहे. वय साठीच्या पुढचे, भाजीचा मळा स्वतः पाहणारी, बोलण्यात फटकळ. मी तिला मावशी म्हणू लागले. ती मला बाय म्हणते. तिचे नाव मी येथे लिहिणार नाही. चित्रावर ते आहे. इंटरनेटवर नको, असे तिनेच सांगितले आहे आणि तिला तसे सांगण्याचा पूर्ण अधिकार आहे.

सात बैठका झाल्या. पहिल्याच दिवशी माझ्या मनातील चित्राचे तीन तेरा वाजले. गुडघ्यापर्यंतचे लुगडे, गळाभर मणी आणि मागे जंगल असे मी योजून गेले होते. मावशी मुलाच्या लग्नातली जांभळी साडी नेसून, केसांना तेल लावून आणि चष्मा घालून ओट्यावर येऊन बसली. लुगड्याचा विषय काढताच म्हणाली, "ते आईचं. मी कधी नेसले? तुला आईला काढायचं असंल तर ती नाय आता." चष्मा काढता येईल का, असे मी अत्यंत नम्रपणे विचारले, तेव्हा तिने काढलाही, पण त्याबरोबर डोळे बारीक झाले, मान पुढे आली आणि समोर कोणी तिसरीच बाई बसल्यासारखी झाली. "आता मला तू पण दिसत नाय," ती म्हणाली. मी चष्मा परत घालायला सांगितला. ओट्यावरून समोर पाहिले तर उंबराच्या फांद्यांआडून एका निवासी टॉवरचे वरचे मजले दिसतात. तो काढू का, असे विचारल्यावर तिने मान वळवून टॉवरकडे असे पाहिले, जणू मी विचारेपर्यंत तो तिच्या खिजगणतीतही नव्हता. "दिसतो तर काढ. माझं काय जातं?"

रंगांची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण गौरव वगैरे जे काही होते ते अखेर पॅलेटवर होते. आमच्या लहानपणी पोस्टर रंगांत 'फ्लेश टिंट' नावाची एक बाटली मिळे. रंग फिकट गुलाबी. वर्गात पन्नास मुली होतो आणि त्या बाटलीच्या रंगाची एकही नव्हती, तरी आम्ही सगळ्यांचे चेहरे निमूटपणे त्याच रंगाने रंगवत असू. पुढे महाविद्यालयात ती बाटली सुटली, पण सवय सुटली नाही: गोऱ्या कातडीसाठी शिकलेल्या मिश्रणात तपकिरी वाढवत जायचे आणि प्रकाशाच्या जागी पांढरा घालायचा. सावळ्या त्वचेत पांढरा मिसळला की ती उजळत नाही, राख फासल्यासारखी होते. माझ्या 1989 च्या चित्रात कपाळ आणि गाल नेमके तसेच झाले आहेत आणि परीक्षकांनी ते 'मातकट रंगसंगती' म्हणून वाखाणले होते.

मावशीच्या चेहऱ्याला मी बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनपासून सुरुवात केली, काळ्याची नळी पिशवीतच ठेवली. तिच्या कपाळावर पडणारा उजेड हा फिका तपकिरी नव्हताच. वरून पत्र्याच्या कडेने आभाळाचा निळसर प्रकाश येत होता आणि समोरच्या झाडीतून हिरवट. कपाळाच्या फुगवट्यावर सेरुलियनचा एक पातळ हात दिला आणि हनुवटीखालच्या सावलीत थोडा हिरवा मिसळला, तेव्हा कातडी एकदम ओलसर, जिवंत झाली. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आहेत. गोंदण पृष्ठभागावर नसते, त्वचेच्या खाली असते, म्हणून ते वरून टिकलीसारखे ठेवून चालत नाही. त्वचेचा रंग ओला असतानाच त्यात निळसर करडा रुतवावा लागतो. तिन्हींतला मधला ठिपका किंचित डावीकडे सरकलेला आहे. गोंदणाऱ्या बाईला तेव्हा शिंक आली, असे मावशीचे म्हणणे. चष्म्याने मात्र दोन बैठका खाल्ल्या. प्लस नंबराच्या भिंगामागे डोळा थोडा मोठा दिसतो आणि भिंगाच्या कडेला गालाची रेषा तुटून बाहेर सरकते. ती तशी तुटलेली काढली नाही तर चष्मा चेहऱ्यावर चिकटवल्यासारखा दिसतो.

घराच्या आतल्या भिंतीवर गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रे होती, तिच्या सुनेने काढलेली. सून ट्रे आणि किल्ल्यांच्या कड्यांवर वारली चित्रे काढून देण्याची कामेही घेते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून केलेले धड, काड्यांसारखे हातपाय आणि डोक्याच्या जागी नाकडोळे नसलेला गोळा. जिव्या सोमा मशे यांनी 1970 च्या दशकात ही चित्रे लग्नघराच्या भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यापूर्वी लग्नाचा चौक काढणे हे सवाशिणींचे काम होते आणि त्यांतल्या कोणाचीही सही भिंतीवर नसे. मला तिथे बसल्या बसल्या एक अडचण जाणवू लागली होती. ज्या समाजाने आपल्या चित्रांत माणसाला चेहराच दिला नाही, त्याचा गौरव मी नाकाडोळ्यांच्या चित्रणातून करायला निघाले होते. हे मी जरा घोळवून मावशीला विचारले. ती म्हणाली, "ते लग्नातलं असतं. त्यात सगळे येतात. तोंड काढलं तर एकच येईल ना." मग माझ्या कॅनव्हासकडे बोट करून म्हणाली, "हितं मी एकटीच हाय. हितं तोंड पायजे."

इतके नेमके मला आजवर कुठल्या कलासमीक्षेत वाचायला मिळालेले नाही. दुसऱ्या दिवशी सुनेने भिंतीच्या एका कोपऱ्यात नवी आकृती काढली होती: दोन त्रिकोण, हातात काडी आणि पुढ्यात एक चौकोन. मीच होते ती. माझ्या नेहमीच्या अंबाड्यासाठी डोक्याच्या गोळ्याला तिने आणखी एक लहान गोळा जोडला होता, बाकी मला ओळखण्यासारखे काही ठेवले नव्हते. ऑस्ट्रेलियात आर्चिबाल्ड या व्यक्तिचित्रांच्या प्रतिष्ठेच्या स्पर्धेत 1956 मध्ये विल्यम डार्गी या चित्रकाराला पारितोषिक मिळाले ते आदिवासी चित्रकार अल्बर्ट नामतजिरा याच्या चित्राबद्दल. तीच स्पर्धा जिंकणारा पहिला आदिवासी चित्रकार म्हणजे त्याचा पणतू व्हिन्सेंट, आणि ते साल 2020. मधली 64 वर्षे मला त्या भिंतीपुढे आठवली. इथे निदान एका रात्रीत फिटंफाट झाली होती.

सहाव्या बैठकीला मी जव्हारचे जुने चित्र सोबत नेले. तसे करण्यामागे काय हेतू होता, हे मला नीटसे सांगता येणार नाही. थोडी फुशारकीही असेल. मावशीने चष्मा सावरून ते बराच वेळ पाहिले. "ही आमच्यातली नाय," ती म्हणाली. "मण्यांवरून ठाकरीण दिसते." मग तिने सुनेला हाक मारली, सुनेनेही पाहिले आणि मान डोलावली. दोघींचा अंदाज चुकतही असेल, पण माझ्या पस्तीस वर्षांच्या खात्रीपेक्षा त्याला अधिक आधार होता. "नाव काय हिचं?" मावशीने विचारले. माहीत नाही, म्हणाले. "इचारलं नाय?" नाही विचारले. तिने यावर काही शेरा मारला नाही. चित्र पदराने पुसले, कोपऱ्यातल्या बुरशीवर बोट घासून पाहिले आणि खोबरेल लावू नकोस, आणखी खराब होईल, असे बजावून परत दिले.

प्रदर्शनाच्या संस्थेला चित्राचा फोटो पाठवला तेव्हा पलीकडे काही क्षण शांतता होती. चष्म्याविषयी ते स्पष्ट बोलले नाहीत. 'पारंपरिकता थोडी कमी वाटते' असे म्हणाले. टॉवर मात्र पुसता येईल का, असे थेट विचारले. मी नाही म्हटले. चित्र लागले, दाराशेजारच्या भिंतीवर, आणि खाली छापील पट्टी होती 'वारली स्त्री'. मी शीर्षक म्हणून मावशीचे पूर्ण नाव लेखी कळवले होते. विचारल्यावर उत्तर मिळाले की सर्व पट्ट्या एकसारख्या ठेवायच्या होत्या. पिशवीत पेन होतेच. मी ती पट्टी उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर नाव लिहून परत लावली. नाव वारली आडनावाचे आहे, तेव्हा माहिती काही कमी झाली नाही.

प्रदर्शन संपल्यावर चित्र मावशीला द्यायचे, हे आधीच ठरले होते. पावसाळ्यात तैलरंग लवकर वाळत नाहीत, त्यामुळे सप्टेंबर उजाडला. मी खिळा आणि हातोडीसुद्धा घेऊन गेले होते. पण भिंतीवर लावायचा विषय निघताच मावशीने हात झाडले. आपल्याकडे चौकटीतला माणूस भिंतीवर केव्हा जातो, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. समोरच तिच्या सासऱ्यांचा फोटो हार घालून टांगलेला होता. "मी अजून हाय," ती म्हणाली. "लोक येतील नि इचारतील, कधी गेली?" सून हसत होती. बरीच चर्चा झाली आणि असे ठरले की तूर्त चित्र माझ्याकडे राहील. पुढे जेव्हा लागेल तेव्हा नातू येऊन घेऊन जाईल.

नातू आठवीत आहे. चित्र परत बांधण्यापूर्वी त्याने ते उलटे करून पाहिले आणि मागे काहीच लिहिलेले नाही, हे माझ्या लक्षात आणून दिले. मी त्याला मार्कर दिला. त्याने आजीला विचारून तिचे नाव, तिच्या वडिलांचे नाव, मग नवऱ्याचे नाव, आडनाव आणि पाड्याचे नाव लिहिले. माहेरच्या आडनावातली एक वेलांटी मावशीने दोनदा खाडाखोड करून दुरुस्त करायला लावली. ती शाळेत गेलेली नाही, पण त्या आडनावाच्या शेवटी काना नसून वेलांटी असते, हे तिला रेशनकार्डामुळे पक्के ठाऊक होते.